डावीकडच्या खुर्चीचा वेत

मी नऊ दिवस अध्यक्ष होतो. मला कुणी निवडून दिलं नव्हतं, कुणी नेमलं नव्हतं, आणि जिला निवडून दिलं होतं ती माझ्याच घरात, माझ्याच समोर बसून शाळेचे पेपर तपासत होती. तरी मी अध्यक्ष होतो. त्या नऊ दिवसांत मी एका जागी पाच मिनिटं बसलो असेन तर शपथ. बसलो की उठायचो, उठलो की स्कूटर काढायचो, आणि कुवेंपुनगरातल्या एकाच सर्कलला इतक्या वेळा वळसा घालायचो की तिथला वाहतूक पोलीस शेवटी शेवटी मला हात करायला लागला. त्याला वाटलं असेल, खात्यातलाच कुणी असावा.

आधी थोडं घराण्याबद्दल. आम्ही मूळचे रंगारी. पणजोबांच्याही आधीचं कुणीतरी दोरीला बांधलेले कपडे आणि दोन हंडे घेऊन मैसूरला आलं आणि राजवाड्यातल्या पगड्या रंगवू लागलं. त्या पणजोबांनी महाराजांसाठी एक लाल पगडी रंगवली होती. तिचा रंग इतका पक्का, इतका पक्का, की पन्नास वर्षांनी पगडी विरून गेली आणि रंग तेवढा उरला. ही गोष्ट मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायकोला सांगितली. ती गणिताची मास्तरीण. तिनं विचारलं, "उरलेला रंग कशात ठेवला होता?"

तेव्हापासून आमचा संसार असाच चालू आहे. मी पगडी रंगवतो, ती कशात ठेवली ते विचारते.

आता रंगारी कुणी राहिलं नाही. कुणी बँकेत, कुणी इंजिनियर, कुणी शाळेत. मी इन्शुरन्सच्या ऑफिसातून रिटायर झालो आणि आता गोकुलमला योग शिकायला येणाऱ्या परदेशी लोकांना स्कूटर भाड्यानं देतो. पण चामराजपुरमला आमच्या समाजाचा एक जुना हॉल आहे, मंडळ आहे, आणि मंडळाला अध्यक्ष आहे. हॉलच्या स्टेजवर शिसवी लाकडाच्या दोन खुर्च्या आहेत. उजवीकडची उंच पाठीची, हातांवर सिंह कोरलेले. ती अध्यक्षांची. डावीकडची तिच्यापेक्षा चार बोटं बुटकी, वेताची बैठक, हातांवर मोर. ती अध्यक्षीणबाईंची.

अध्यक्षीणबाई म्हणजे अध्यक्षांची बायको. तिला कुणी मत देत नाही, ती मीटिंगला येत नाही, पण नवरात्रातल्या रविवारी मेळावा भरतो तेव्हा ती डावीकडे बसते आणि समाजातल्या सगळ्या बायका रांगेनं येऊन तिची ओटी भरतात. डॉक्टराची बायको डॉक्टरीण, मास्तराची मास्तरीण, तशी अध्यक्षाची अध्यक्षीण. माझे वडील अकरा वर्षं अध्यक्ष होते, म्हणून आई अकरा वर्षं अध्यक्षीणबाई होती. वडील जाऊन वीस वर्षं झाली, मधे चार अध्यक्ष येऊन गेले, पण चामराजपुरमच्या भाजीवालीपासून देवळातल्या गुरुजींपर्यंत सगळे चौऱ्याऐंशी वर्षांच्या माझ्या आईला अजून अध्यक्षीणबाईच म्हणतात. खुर्ची गेली तरी ती पदवी अंगावर तशीच. त्या पगडीच्या रंगासारखी. आता बोला!

आणि या वर्षी मंडळानं माझ्या बायकोला अध्यक्ष केलं.

मंडळाच्या इतिहासात पहिली बाई. तिनं काही मागितलं नव्हतं. सर्वसाधारण सभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, आपल्या मुलांना मराठीत आजीशी चार वाक्यं बोलता येत नाहीत, "पाणी दे" म्हणतात आणि मग कन्नडात उड्या मारतात. हॉल दर रविवारी सकाळी रिकामा असतो, तिथं मी मराठीचा वर्ग घेते. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग एकानं म्हटलं, एवढं करायचं तर अध्यक्षच व्हा की. हात वर झाले. आय्तु, संपलं. मेळाव्याच्या भाषणात वर्गाची घोषणा करायची, नावं तिथंच लिहून घ्यायची, असं ठरलं.

ती घरी येऊन भाषण लिहायला बसली. आणि लोक तिला अध्यक्षीणबाई म्हणू लागले.

म्हणणारच. बाई आहे, अध्यक्ष आहे, म्हणजे अध्यक्षीण. देवळात गुरुजींनी "अध्यक्षीणबाई, प्रसाद" अशी हाक मारली तर आईनं आणि बायकोनं एकदम हात पुढे केले. गुरुजी प्रसाद धरून उभे. आईनं सुनेकडे बघितलं, सुनेनं आईकडे. शेवटी मी माझा हात पुढे केला आणि खाऊन टाकला.

"अहो गुरुजी," बायको म्हणाली, "अध्यक्षीण म्हणजे अध्यक्षाची बायको. मी अध्यक्ष आहे."

"तेच ते, वैनी," गुरुजी म्हणाले, आणि माझ्याकडे बघून आदरानं हसले.

ते हसू मला आवडलं. इथंच सगळं बिघडलं.

त्याच सुमारास गोकुलमला माझ्याकडे एक इंग्रज स्कूटर न्यायला आला. वय सत्तरच्या पुढे, पाठ सरळ करून घ्यायला मैसूरला आलेला. त्याच्या देशात राजा आहे. मी म्हटलं, आमच्याकडेही होते, आमच्या पणजोबांनी त्यांची पगडी रंगवली. पगडीची गोष्ट मी त्याला पूर्ण सांगितली. पगडीची लांबी माझ्याकडे दर खेपेला वाढते; त्या दिवशी साठ वार झाली होती. त्याला उरलेल्या रंगाची शंका आली नाही. मोठा सज्जन माणूस. मग मी त्याला विचारलं, "काय हो, तुमच्याकडे राजाची बायको राणी होते. पण राणीच गादीवर असली तर तिचा नवरा राजा का होत नाही?"

तो स्कूटरवर बसला, उतरला, आणि मला शिकवणी दिल्यासारखं सांगू लागला. म्हणाला, राणी या शब्दाला दोन कामं आहेत. एक, स्वतः राज्य करणारी. दोन, राज्य करणाऱ्याची बायको, जिला काही अधिकार नाही, फक्त मान आहे. राजा या शब्दाला एकच काम, राज्य करणं. म्हणून राजाच्या बायकोला राणी म्हटलं तरी कुणाचा घोटाळा होत नाही, सगळ्यांना कळतं की हुकूम राजाचा. पण राणीच्या नवऱ्याला राजा म्हटलं, की लोक राणीला सोडून त्याच्याकडे बघायला लागतात. म्हणून त्याला राजपुत्र म्हणतात. तेसुद्धा आपोआप नाही, राणीनं दिलं तर.

"आणि चालतं त्याला?" मी विचारलं.

"काहींना चालतं, काही जन्मभर रुसून बसतात," तो म्हणाला. "पूर्वी पोर्तुगालात वेगळं होतं. राणीला नवऱ्यापासून मूल झालं की त्या नवऱ्याला राजा म्हणायचे."

मला दोन मुली आहेत. म्हणजे पोर्तुगालच्या हिशेबानं मी दोनदा राजा. एवढं बोलणं झालं, पण घरी येताना माझ्या डोक्यात फक्त पोर्तुगाल होतं. बाकीचं त्या इंग्रजाच्या हेल्मेटमध्येच राहिलं.

आता नऊ दिवसांपैकी पहिला दिवस. मंडळाचा सेक्रेटरी माझा मामेभाऊ. मला दादा म्हणतो, माझ्या बायकोला वैनी. मनानं स्वच्छ माणूस, फक्त घाई फार. मेळाव्याच्या निमंत्रणपत्रिकेचा मजकूर प्रेसमध्ये वडिलांच्या काळापासून तोच आहे: वर देवीचं चित्र, खाली "अध्यक्ष" आणि पुढे रिकामी जागा, "अध्यक्षीणबाई" आणि पुढे रिकामी जागा. मामेभावानं काय केलं? बाईचं नाव बाईच्या जागी घातलं. मग पुरुषाची जागा रिकामी दिसायला लागली, तिथं पुरुषाचं नाव घातलं. माझं. आणि प्रूफ माझ्या फोनवर पाठवून लिहिलं, "वैनी पेपर तपासतायत म्हणून तुला पाठवतोय. दाखवून ओके कळव."

मी बघितलं. अध्यक्ष, आणि पुढे माझं नाव. सोनेरी अक्षरं. वडिलांचं नाव जिथं छापायचे तिथंच, देवीच्या बरोब्बर पायाशी. बायको चार हातांवर बसली होती. मी म्हणू शकलो असतो, "अगं हे बघ, गाढवानं काय केलंय." तोंड उघडलंसुद्धा. मग अंगठ्याचं चित्र दाबलं आणि पाठवून दिलं.

"कुणाचा मेसेज?" तिनं मान वर न करता विचारलं.

"सुम्मने. गुड मॉर्निंग," मी म्हणालो. सुम्मने म्हणजे उगाच. आमच्याकडे हा शब्द सगळ्या गुन्ह्यांवर पांघरूण घालतो.

आई पलीकडे बाहुल्यांच्या पेट्या उघडत होती. नवरात्रात मैसूरच्या घराघरांत पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात, सगळ्यात वर राजा-राणीची लाकडी जोडी. आमची जोडी आईच्या लग्नातली. राजा उजवीकडे, राणी डावीकडे. आईनं राजाची मिशी पदरानं पुसली आणि म्हणाली, "फोन बघून हसतोस काय रे एकटाच?"

आमच्या मंडळात फोनवर निमंत्रण देणं म्हणजे अपमान. पत्रिका हातात द्यावी लागते, कुंकू लावून, अक्षता ठेवून. दोन दिवसांत छापून आल्या आणि वाटायचं काम मी आपण होऊन घेतलं. मामेभाऊ म्हणाला, "दादा, तू किती करतोस!" मी चामराजपुरमच्या गल्ल्यांतून असा फिरलो की दसऱ्याचे हत्ती मागे पडावेत. प्रत्येक दारात पत्रिका उघडली जायची, डोळे खाली जायचे, मग वर यायचे.

"अरे वा! तुम्ही अध्यक्ष? आम्हाला वाटलं वैनी."

"छे छे," मी म्हणायचो.

छे छे म्हणण्याच्या चौदा पद्धती आहेत. त्यातल्या तेरा पद्धतींचा अर्थ हो असा होतो. चौदावी मला येत नाही.

कॉफी मिळायची. एका घरी म्हैसूरपाक. एका आजोबांनी खुर्चीतून उठून नमस्कार केला, वडिलांना करायचे तसा. त्या नमस्कारानंतर मला घाम फुटला आणि मी कॉफी अर्धी टाकून उठलो. तेव्हापासून बसणं सुटलं. दोन माणसं बोलत उभी दिसली की मला वाटायचं, माझंच बोलतायत. घरातल्या वाट्याच्या चार पत्रिका मी स्कूटरच्या डिकीत हेल्मेटखाली ठेवल्या. बायको रोज विचारायची, "पत्रिका आल्या का हो?" मी म्हणायचो, "प्रेसवाल्याचं मशीन बंद आहे." रात्री जेवताना ती भाषणातली वाक्यं मोठ्यानं म्हणून बघायची आणि विचारायची, "हे पोरांना कळेल ना? फार जड नाही ना होत?" मी पोळी तशीच ठेवून हात धुवायला उठायचो.

शुक्रवारी संध्याकाळी ती शाळेतून आली. स्कूटर लावली, चपला काढल्या, पर्स खुंटीला अडकवली.

"अहो."

"काय गं?"

"अभिनंदन."

मी उभाच होतो, तरी उठल्यासारखं केलं. "कसलं?"

"आमच्या कन्नडच्या टीचरनी केलं. त्यांच्या शेजारी पत्रिका आलीय म्हणे. म्हणाल्या, मॅडम, निम्म यजमानरु अध्यक्षरादरंते! तुमचे यजमान अध्यक्ष झाले, आणि तुम्ही आम्हाला पेढेसुद्धा दिले नाहीत!" तिनं पर्समधून पत्रिका काढून टेबलावर ठेवली. "मागून आणली. घरात नव्हती ना."

मी पत्रिकेकडे असं बघितलं की जणू ती आत्ताच आकाशातून पडली.

"प्रूफ कुणी बघितलं?" तिनं विचारलं.

आयुष्यात मी हजारो थापा मारल्या असतील. पण प्रत्येकीला साडी नेसवली, दागिने घातले, गजरा माळला, मग बाहेर पाठवली. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच एक उघडीनागडी थाप तोंडातून गेली.

"प्रूफ आलंच नाही."

ती खुर्चीवर बसली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. "म्हणजे सगळ्यांनी ठरवून केलं," ती म्हणाली. "हात वर करताना गोड बोलले, आणि छापताना मनातलं छापलं. त्यांना बाई हवी होती वर्ग घ्यायला. अध्यक्ष नको होती."

"तसं नसेल गं. चूक झाली असेल."

"चूक एका अक्षराची होते. ही नात्याची आहे." तिनं भाषणाचे कागद उचलले, चार घड्या केल्या आणि टेबलावरच्या डब्याखाली ठेवले. "आय्तु. पत्रिकेत आहे तसंच होऊ दे. रविवारी मी डावीकडे बसते, ओटी भरून घेते. सोमवारी राजीनामा देते. वर्ग त्यांचा त्यांनी घ्यावा."

"अगं पण..."

"तुम्ही कशाला मधे पडता? तुमची काय चूक?"

हे तिनं मायेनं म्हटलं. खरंच मायेनं. मी बाहेर जाऊन स्कूटरला किक मारली. स्कूटर बटणावर चालणारी आहे; पाय हवेत गेला.

शनिवारी सकाळी बाहुल्यांकडे बघतो तर सगळ्यात वरच्या पायरीवर राजा डावीकडे आणि राणी उजवीकडे. मला वाटलं, बायकोनं केलं. ती तर अंघोळीला गेली होती. आई खाली पाटावर बसून वाती वळत होती.

"आई, हे कुणी फिरवलं?"

"मी."

"का?"

"बघत होते, राजा तिकडं बसला तर पडतो का. नाही पडला." तिनं वात वळली. "प्रूफ बघून हसलास ना त्या दिवशी?"

मी "छे छे" म्हणायला गेलो. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईपुढे माझ्या तेराही पद्धती चालत नाहीत.

"मला ती पदवी नको होती असं नाही हं," आई म्हणाली. "रेशमी साडी, गजरा, बायका वाकायच्या. कुणाला नको असतं? पण खुर्ची बघितलीस कधी खालून? बैठकीचा वेत डाव्या कोपऱ्यात तुटलेला आहे. अकरा वर्षं मांडीला टोचायचा. पहिल्या वर्षी तुझ्या वडिलांना सांगितलं. म्हणाले, बघू. दुसऱ्या वर्षी सांगितलं, बघू. मग मी सांगायची थांबले. ते कशाला बघतील? त्यांची खुर्ची चांगली होती."

"मग मंडळात सांगायचं होतंस."

"मंडळात बोलायला मी कोण? अध्यक्षीण!" आई हसली. "माझ्यानंतरच्या चौघींनाही टोचलाच असेल. एकीनं तोंड उघडलं नाही. तुझी बायको बोलते. म्हणून ती उजवीकडं हवी. सांग तिला जाऊन."

मी सांगायला गेलो. ती केस पुसत होती. मी म्हणालो, "ऐक, मला तुला काहीतरी सांगायचंय." ती म्हणाली, "सांगा." आणि माझ्या तोंडून बाहेर काय पडलं? पणजोबांनी एकदा चुकून महाराजांच्या पगडीला हिरवा रंग दिला ती गोष्ट. तोपर्यंत अशी गोष्टच नव्हती. मी तिथं उभ्या उभ्या ती बनवली, हिरवा हंडा, रागावलेले महाराज, मध्यस्थी करणारी महाराणी, सगळं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, "मग पणजोबांनी कबूल केलं का?"

"ते... तिथं गोष्ट संपते," मी म्हणालो, आणि सर्कलला वळसे घालायला गेलो.

वळसे घालता घालता मला इंग्रजाच्या हेल्मेटमध्ये राहिलेलं सगळं आठवायला लागलं. राणी या शब्दाला दोन कामं. अध्यक्षीण या शब्दालाही दोन कामं झाली होती, आणि दुसऱ्या कामानं पहिलं खाऊन टाकलं होतं. तिला अध्यक्षीण म्हटल्याबरोबर लोक विचारू लागले, मग अध्यक्ष कोण? आणि मी हात वर केला होता. कुणी विचारलं नव्हतं तरी. पोलिसानं सहाव्या वळशाला सलाम ठोकला. मला इतकी लाज वाटली की मी पुढच्या सिग्नलला हिरव्यावरसुद्धा थांबलो.

रविवार. हॉल भरलेला, झेंडूच्या माळा, फिल्टर कॉफीचा वास, पुढच्या रांगेत आई. बायको आली. हिरवी मैसूर सिल्क, केसात अबोली, हातात कागद नाहीत. पायऱ्या चढून ती सरळ डावीकडच्या खुर्चीकडे निघाली. मामेभाऊ माईकवर पत्रिका वाचत होता: "आता आपले मान्यवर अध्यक्ष, श्री..." आणि माझं नाव.

टाळ्या वाजल्या. मी स्टेजवर गेलो. बायको खुर्चीच्या मोरावर हात ठेवून अर्धी बसली, एवढ्यात मी माईक घेतला. माझ्या हातात माईक म्हणजे लोकांना वाटलं, आता पगडी येणार. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलंसुद्धा, "आज किती वार?"

"आज पगडी नाही," मी म्हणालो. "पत्रिकेत चूक आहे. मंडळाची नाही, सेक्रेटरीची पण नाही. त्यानं प्रूफ मला पाठवलं होतं. मी बघितलं. चूक दिसली. आवडली. म्हणून ओके केलं. अध्यक्ष मी नाही. अध्यक्ष या आहेत."

हॉलमध्ये अशी शांतता की कॉफीच्या फिल्टरमधले थेंब ऐकू यावेत. हे मात्र मी वाढवून सांगत नाही. बायकोनं माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी इथं लिहिणार नाही. मग ती मोराचा हात सोडून उठली, चालत माझ्यासमोरून गेली आणि उजवीकडे, सिंहांच्या मधे बसली. सरळ समोर बघत.

मी डावीकडच्या खुर्चीत बसलो.

"थांब थांब, दादा," मामेभाऊ माईक झाकून म्हणाला. "तू तिथं बसलास. मग तुला काय म्हणून सांगू?"

"अध्यक्षपती!" एक जण ओरडला.

"यजमानरु अन्नी!" दुसरा कन्नडात म्हणाला. यजमान म्हणा, बस्स.

"यजमान नको," बायको समोर बघतच म्हणाली. "यजमान म्हणजे मालक. परत तोच घोळ."

"प्रिन्स!" मागून पोरांचा आवाज आला, आणि हसू फुटलं.

पुढच्या रांगेतून आई काठी टेकत उठली. "नवरा म्हण रे," ती मामेभावाला म्हणाली. "नवरा म्हणजे काही कमी झालं का?"

मामेभावानं माईक तोंडाशी घेतला. "आपल्या अध्यक्ष," मग घुटमळला, "आणि अध्यक्षांचा... अध्यक्षांचे... नवरा." टाळ्या आल्या, थोड्या उशिरानं, पण आल्या.

आता ओटी. बायका नारळ, तांदूळ, खण घेऊन रांगेत उभ्या होत्या, आणि पहिली बाई डाव्या खुर्चीशी येऊन अडकली. अकरा अधिक वीस वर्षांची रीत, डावीकडे ओटी. तिनं माझ्याकडे बघितलं, मग अध्यक्षांकडे.

"माझं भाषण आहे," अध्यक्ष म्हणाल्या. "त्यांना द्या."

कुणी हलेना. मग आई पायऱ्या चढून आली, कुणाचाही हात न धरता, आणि माझ्यासमोर उभी राहिली. मी खांद्यावरचं उपरणं पसरलं. तिनं त्यात नारळ टाकला, मूठभर तांदूळ टाकले, आणि वाकून कानात म्हणाली, "टोचतोय?"

टोचत होता. डाव्या कोपऱ्यात, बरोबर सांगितल्या जागी, सुईसारखा.

मग बायका आल्या. काही हसत, काही तोंड वाकडं करत, एक तर माझ्या कपाळाला इतकं कुंकू लावून गेली की नाकावर सांडलं. उपरण्यात नारळ साठत गेले, जांभळ्या-पिवळ्या खणांचा ढीग झाला. अध्यक्षांनी माईक घेतला. डब्याखाली घड्या घालून ठेवलेलं भाषण त्यांना सगळं पाठ होतं. दर रविवारी सकाळी, याच हॉलमध्ये, आजीशी बोलता येईल एवढं मराठी. किती वेळ बोलल्या? माझ्या मांडीच्या हिशेबानं साडेतीन तास. घड्याळात वीस मिनिटं. मघाशी प्रिन्स म्हणून ओरडलेल्या पोरांपैकीच एक जण सगळ्यात आधी नाव लिहायला पुढे आला. पाठोपाठ आया आल्या.

मी एका बाजूला सरकलो, वेत सरकला. दुसऱ्या बाजूला सरकलो, नारळ गडगडले. उठावंसं वाटत होतं, स्कूटर काढावीशी वाटत होती, पोलिसाला भेटावंसं वाटत होतं. पण ओटीत नारळ असताना उठता येत नाही. आईलाही आलं नसेल, अकरा वर्षं.

फोटोग्राफर समोर आला. बायको सिंहांवर हात ठेवून ताठ बसली. कबुलीपासून तिनं माझ्याकडे पाहिलं नव्हतं, एक शब्द बोलली नव्हती, आणि पुढे किती दिवस बोलणार नाही याचा मी मनात अंदाज घेत होतो. एवढ्यात तिचे ओठ न हलता आवाज आला.

"हलू नका."

"टोचतोय गं," मी म्हणालो.

"ठाऊक आहे. मीही बसले होते मघाशी अर्धी. हलू नका."